विनिपेगचं तळघर आणि माझी वऱ्हाडी हिंदी

कॅनडाहून परत आले तेव्हापासून अमरावतीतल्या आमच्या गल्लीत मला एकच प्रश्न विचारला जातो. नायगारा पाहिला का? नाही पाहिला. माझी मुलगी पल्लवी राहते त्या विनिपेगपासून नायगारा इतका लांब, की अमरावतीच्या माणसाला 'मग काश्मीर तर पाहिलंच असेल' असं विचारल्यासारखं ते होतं. तीन महिन्यांत मी पाहिलं ते एका जुन्या चर्चचं तळघर, आणि दर गुरुवारी त्याच्या पायऱ्या उतरून येणारी जगभरातली माणसं. हे ऐकून शेजारणी कंटाळतील असं वाटलं होतं. पण परवा सांगत बसले तर कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि एकही बाई उठली नाही. तेव्हा म्हटलं, लिहूनच काढावं.

माझं नाव सुमन. माहेर अकोला जिल्ह्यातलं हिवरखेड. नोकरी सगळी तिवसा तालुक्यातल्या उपकेंद्रांवर झाली, आरोग्यसेविका म्हणून. बाळंतपणं केली, लसी टोचल्या, पोलिओच्या रविवारी गावभर हिंडले. निवृत्त झाले आणि पल्लवी मागे लागली, आता ये. पल्लवीचे बाबा रेल्वेत होते, चांदूर रेल्वेला. त्यांना विचारलं, चलता का? तर म्हणाले, "मी रेल्वेचा माणूस. रूळ सोडून जात नाई. तू जा, मले फोन करत जाय."

म्हणून एकटीच निघाले. भीती कमी आणि उत्साह जास्त.

कुरडयांची चौकशी

विमानाचे तास सांगत बसत नाही. टोरंटोला मात्र गंमत झाली. तिथल्या तपासणीच्या टेबलावर एका उंच्यापुऱ्या अधिकाऱ्यानं माझी बॅग उघडायला लावली. ज्वारीचं पीठ त्यानं हुंगलं, तिखटाचा डबा हुंगून शिंकला, आणि मग कुरडयांची पिशवी उजेडात धरून पाहत राहिला. त्याला ती पक्ष्यांची घरटी वाटली असावीत. त्यानं काय विचारलं ते अर्धंच कळलं. मी म्हटलं, "फूड. फ्राय." तरी त्याचा चेहरा बदलेना. मग मी दोन्ही हात जवळ आणले, तोंडानं तेलाचा चर्र आवाज काढला आणि हात एकदम फुलवले. मागच्या रांगेतली माणसं हसायला लागली. तोही हसला, आणि पिशवी स्वतःच्या हातानं पुन्हा बॅगेत नीट ठेवली. पुढच्या विमानात बसले तेव्हा मला वाटलं, आता आपलं इथं जमतं.

विनिपेगला पल्लवी विमानतळाच्या आत कोट घेऊन उभी होती. मिठी मारायच्या आधी तिनं मला तो चढवला. दार उघडलं आणि पहिल्या श्वासाला नाकाच्या आत काहीतरी करकरलं. मार्च लागला होता, आणि बाहेर शून्याच्या खाली वीस. गाड्या घरासमोर वायरीनं भिंतीला जोडलेल्या, गोठ्यात बैल बांधावेत तशा. विजेवर इंजिन गरम ठेवलं नाही तर सकाळी गाडी चालू होत नाही म्हणे. मी त्या वायरीच कितीतरी वेळ पाहत राहिले.

"आई, चाल ना आता. काय पाहून राहिली?"

"बाप्पा! गाडीले सलाईन लावलं हो तुमी."

कोट

पहिले चार दिवस मी खिडकीत बसून काढले. पल्लवी ऑफिसात जायची. रस्त्यावर माणूस दिसायचा नाही, दिसला तर त्याचा चेहरा दिसायचा नाही. आमच्याकडे दार उघडं टाकलं की दहा मिनिटांत कोणीतरी साखर मागायला तरी येतं. पाचव्या दिवशी गुरुवार होता. पल्लवीला त्या दिवशी अर्धी सुट्टी असते. ती म्हणाली, "चाल, तुले एका जागी नेतो."

गाडीत तिनं सांगितलं, की गावात नव्यानं आलेल्या लोकांसाठी चर्चच्या तळघरात एक केंद्र चालतं. गरम कपडे, भांडी, जेवण, कागदपत्रं भरायला मदत. ती दर गुरुवारी तिथं काम करते.

"तू कशी काय गेली तिथं?" मी विचारलं.

सिग्नल सुटला, दुसरा आला, तेव्हा ती म्हणाली, "मी शिकायले आली ना पहिल्या वर्षी, तवा माह्या अंगावर अमरावतीचं स्वेटर होतं. बसची वाट पाहता पाहता मी रडली होती थंडीनं. एका बाईनं मले इथं आणलं. माहा पहिला कोट इथला हाय."

मला चटका बसला. फोनवर ही पोरगी रोज सांगायची, सगळं मस्त आहे. आणि दुसरं, खरं सांगते, मला लाज वाटली. आमच्या घरानं कोणाचं उतरलेलं कधी अंगावर घातलं नाही. माझ्या सासऱ्यांनी बौद्ध झाल्यावर मागून खाणं सोडलं ते कायमचं. घरात ते शिकवूनच आम्ही पोरं वाढवली.

"सांगितलं काहून नाई?"

"तू रात्रभर झोपली नसती. आणि बाबा म्हणाले असते, वापस ये." मग ती म्हणाली, "आई, तिथं कोणी मले गरीब म्हणून पाहिलं नाई. तू ये, पाय, मंग बोल."

तळघर

पायऱ्या उतरताच उकडलेल्या बटाट्यांचा वास आला आणि मागोमाग आवाजांचा लोंढा. पाच-सहा भाषा एकदम. मला तिवश्याच्या आठवडी बाजारात शिरल्यासारखं झालं आणि एकदम हुशारी आली.

केंद्र ग्रेस नावाची बाई चालवते. बुटकी, चपळ, केस पांढरे. ती स्वतः फिलिपिन्सहून आलेली, तरुणपणी, लोकांच्या घरी म्हातारी माणसं सांभाळायला. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि गळ्यात नावाची पट्टी अडकवली. एकच नियम तिनं तीनदा सांगितला, पल्लवीनं मला तो मराठीत सांगितला. इथं आपण डॉक्टर नाही. कोणाला औषध सांगायचं नाही, दुखण्याबद्दल सल्ला द्यायचा नाही. मी मान डोलावली.

कपड्यांच्या खोलीत मला सगळ्यात मोठा धक्का बसला. दुकानासारखं लावलेलं होतं सगळं. कोट हँगरला, मापाप्रमाणे, आणि भिंतीला माणसाच्या उंचीचा आरसा. येणारा आत जायचा, चार कोट घालून पाहायचा, वळून पाठ पाहायचा, रंग आवडला नाही तर परत टांगायचा. एका सोमाली आजीनं पाऊण तास लावला आणि शेवटी लाल कोट घेतला. कोणी म्हटलं नाही की मिळतंय ते घ्या. फोटो काढायला तर सक्त मनाई. मला आमच्याकडचं ब्लँकेट-वाटप आठवलं. मंडप, बॅनर, माइक, आणि एकेका म्हातारीला हात धरून कॅमेऱ्याकडे वळवणारे कार्यकर्ते. त्यातल्या एका फोटोत मी पण आहे, पहिल्या रांगेत, ब्लँकेटचं एक टोक धरून. त्या म्हातारीचं नाव मला आजही माहीत नाही.

त्या संध्याकाळी गाडीत बसल्यावर पल्लवीनं विचारलं, "मंग?"

"कोट चांगला निवडला होता तू," मी म्हटलं. आमचं त्या विषयावर तेवढंच बोलणं झालं, पण तेवढं पुरलं.

मग दर गुरुवारी मी जाऊ लागले. तिथलं सूप चांगलं असायचं, पण त्याला मीठ सोडून काही माहीत नव्हतं. दुसऱ्या खेपेला मी हिरव्या मिरचीचा ठेचा करून नेला आणि सुपाच्या पातेल्याशेजारी लहान वाटीत ठेवला. इथिओपियाहून आलेल्या एका उंच गृहस्थानं चमच्याच्या टोकानं चाखला. डोळ्यांत पाणी आलं. मी घाबरले. त्यानं उरलेली वाटी सुपात उपडी केली आणि उठून माझ्यासमोर हात जोडले. तिसऱ्या गुरुवारी ठेच्यासाठी वेगळी रांग होती. पल्लवीच्या बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "तू तिकडं मदत करून राहिली का लोकायले जाळून राहिली?"

झरमिना

चौथ्या गुरुवारी एक मुलगी आली. पंचविशीची असेल. काळा रुमाल डोक्यावर, पोट सात महिन्यांचं तरी. अफगाणिस्तानातून आलेली. तिची भाषा पश्तो, ती तिथं कोणालाच येत नव्हती. ग्रेस फोनवरून दुभाष्या शोधत होती आणि मुलगी भिंतीला टेकून उभी. मी खुर्ची नेली. तोंडातून सवयीनं गेलं, "बैठ जाओ बेटा, काहून खडी है?"

तिनं मान झटकन वर केली. "आप उर्दू बोलती हैं?"

मला हसूच आलं. उर्दू कसली? ही आमची वऱ्हाडी हिंदी. एकदा पुण्याला ट्रेनिंगला गेले होते तेव्हा माझ्या बोलण्यावर सगळा वर्ग हसला होता, मराठी बोलले तरी आणि हिंदी बोलले तरी. पण या मुलीचं लहानपण पेशावरला निर्वासितांच्या वस्तीत गेलं होतं, तिथं ती उर्दू शिकली होती. आमच्या बोलीत दवाखाना आहे, तकलीफ आहे, फिकीर आहे, जिंदगी आहे. तिच्या उर्दूतही आहेत. दहा मिनिटांत आम्ही अशा बोलत होतो की ग्रेसनं फोन खाली ठेवला.

तिचं नाव झरमिना. नवरा मांस पॅक करण्याच्या कारखान्यात, दिवसभर बाहेर. येऊन दोन महिने झाले होते. "दो महीने में किसी औरत से बात नहीं की, खाला," ती म्हणाली. आमच्याकडेही मुसलमान शेजारणींच्या मुली मला खालाच, म्हणजे मावशीच, म्हणतात. त्या हाकेसरशी मी तिच्या बाजूची झाले.

मी तिला निळा कोट निवडून दिला, पोटावर बटणं लागतील असा. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावरही मला इतका आनंद होत होता की झोप येईना. आयुष्यभर ज्या बोलीबद्दल ओशाळले, ती इतक्या दूर एका पोरीच्या कामी आली होती.

मोडलेला नियम

त्यानंतर दोन गुरुवार ती नेमानं आली. तिसऱ्या गुरुवारी, भर दुपारी, जेवणं चालू असताना आली ती बुटांच्या नाड्या सोडून, सुजलेले पाय आत मावत नव्हते. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातला सुपाचा डाव थांबला.

चेहरा सुजलेला. बोटातली अंगठी मांसात रुतलेली. ती कपाळ दाबत बसली.

"सर दुखता?"

"कल से. और आँखों के सामने चिंगारियाँ उडती हैं."

"पेट में दर्द?" तिनं बरगडीखाली उजवीकडे हात ठेवला.

हे सगळं मला पाठ होतं, गरोदरपणात रक्तदाब चढला की असंच होतं. रक्तदाब मोजायचं यंत्र तिथं नव्हतं, पण मला त्याची गरज वाटली नाही. मी पल्लवीला हाक मारली. "ग्रेसले सांग, अँब्युलन्स बोलाव. आत्ता."

ग्रेस आली. तिनं झरमिनाची फाइल काढली. डॉक्टरची तारीख पुढच्या मंगळवारी होती. आरोग्याच्या सल्ल्यासाठी एक फोन नंबर आहे, तिथं विचारू, ती म्हणाली. फोन लावला, रांगेत थांबा असा आवाज आला आणि संगीत वाजायला लागलं.

"आई," पल्लवी हळू बोलली, "तुले पक्कं माहीत हाय का? नियम हाय इथं. काही चुकलं तं केंद्रावर येईन."

तेव्हा मी डगमगले. परका देश, पाहुणी म्हणून आलेली मी, आणि पल्लवीची इथली पत. माझं चुकलं तर तिलाच ऐकून घ्यावं लागणार होतं. त्यात झरमिना उठून उभी राहिली. "अस्पताल नहीं, खाला. मेरा पहला बच्चा अस्पताल में गया. मैं घर जाती हूँ."

मी तिला दोन्ही खांद्यांना धरून बसवलं. आणि जे मी पल्लवीलाही कधी सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, तिवसा तालुक्यातल्या एका खेड्यात, अशीच एक पोर होती. अशीच सुजलेली, असेच काजवे. तिची सासू म्हणाली, सकाळी नेऊ. मी नवखी होते, मी ऐकलं. सकाळ व्हायच्या आत तिला झटके आले. दोघंही गेली.

"मैंने एक बार इंतजार किया था, बेटा," मी म्हटलं. "अब नहीं करूँगी. तू गुस्सा कर मेरे पे, पर चल."

झरमिनानं माझा पदर मुठीत धरला, लहान मूल धरतं तसा. पल्लवी हे सगळं ऐकत होती. तिनं ग्रेसकडे वळून इंग्रजीत काय सांगितलं ते शब्दशः मला कळलं नाही, पण त्यात 'माय मदर' दोनदा आलं. ग्रेसनं ते संगीत वाजत असलेला फोन बंद केला आणि अँब्युलन्सचे तीन आकडे फिरवले.

गाडी यायला फार वेळ लागला नाही. गाडीतल्या बाईनं तिथंच खुर्चीवर झरमिनाच्या दंडाला पट्टा बांधला. मी यंत्राकडे पाहत होते. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचा एकशे बारा. त्या बाईचा चेहरा बदलला आणि हालचाली दुप्पट वेगानं व्हायला लागल्या. आकडे जगात कुठंही वाचता येतात.

मला तिच्यासोबत बसू दिलं, पल्लवी तिच्या गाडीनं मागोमाग आली. दवाखान्यात सगळं पटापट झालं, सलाईन, इंजेक्शन, पोटावर यंत्र, फोनवर पश्तो बोलणारा दुभाष्या. तरी ती प्रत्येक वाक्य ऐकून माझ्याकडे पाहायची आणि मी मान हलवली की मगच हो म्हणायची. कारखान्यातून नवरा धावत आला, डोक्यावर जाळीची टोपी तशीच. मी त्याला पाणी दिलं.

ऊन कलायच्या आत ऑपरेशन होऊन मुलगी झाली. दोन किलोलाही भरली नाही, पण रडली मोठ्यांदा. काचेच्या पेटीत ठेवली होती. तरुण डॉक्टरीण बाहेर आली, पल्लवीशी बोलली, मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "तुम्ही कुठल्या दवाखान्यात होतात?" पल्लवीनं विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, "सांग, तिवश्याचं उपकेंद्र." पल्लवीनं ते तसंच सांगितलं, मोठ्या दवाखान्याचं नाव सांगावं तशा थाटात. आणि मग आम्ही दोघी त्या चकचकीत व्हरांड्यात एकमेकींना धरून रडलो आणि हसलो.

काळी माती

पुढच्या गुरुवारी ग्रेसनं मला बाजूला बोलावलं, मराठीत सांगायला पल्लवी सोबत. "तुम्ही नियम मोडलात," ती म्हणाली. "नियम मी लिहिला होता, म्हणून मला राग यायला हवा. येत नाहीये." भिंतीवरचा नियमाचा कागद तिनं काढला होता. नवीन कागदावर जुनाच नियम होता, आणि खाली एक ओळ जास्त: कोणी आजारी दिसलं तर गप्प बसू नका. शिवाय सरकारी नर्स महिन्यातून दोनदा यंत्र घेऊन येईल असं तिनं ठरवून आणलं होतं.

एप्रिल सरत आला आणि बर्फ वितळला. एका रविवारी पल्लवीनं मला गावाबाहेर नेलं. चारी बाजूंना सपाट जमीन, क्षितिजापर्यंत झाड नाही, आणि बर्फाखालून निघालेली माती काळीभोर! मी गाडी थांबवायला लावली. "आई, बूट खराब होतीन," पल्लवी ओरडत होती तोवर मी शेतात. चार पावलांत माती तळव्याला चिकटली, पाचव्या पावलाला बूट आतच राहिला आणि पाय बाहेर आला. पायमोज्यावर उभी राहून मी मूठभर माती उचलली, दाबली. अगदी आमच्या हिवरखेडच्या कापसाच्या रानासारखी, लोण्यासारखी दबणारी. इतक्या लांब येऊन माहेरची माती पायाला लागावी! बूट उपसून काढायला आम्हा दोघींना बराच वेळ लागला, आणि त्या मोकळ्या रानात आमच्या हसण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता.

निघायच्या आधी झरमिनाकडे जेवायला गेलो. भात, गाजर, मनुका, आणि तिच्या नवऱ्यानं स्वतः भाजलेली लांबच लांब रोटी. मुलगी घरी आली होती, गाल भरले होते. झरमिनानं तिला माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "अब डाँटो मुझे, खाला, जितना डाँटना है." मी रागावले नाही. पोरीच्या टाळूवर हात ठेवून बसले.

परत

अमरावतीत आले तेव्हा बेचाळीस डिग्री. आमच्या घरासमोर एका इमारतीचं बांधकाम तीन वर्षांपासून रखडत चाललंय. तिथं पत्र्याच्या खोपटात मेळघाटातून आलेलं एक कुटुंब राहतं. मी रोज दार उघडते, त्यांच्यावरून नजर फिरते, आणि मी भाजी आणायला जाते. तीन वर्षं.

परवा सकाळी मी रस्ता ओलांडला. बाई विटांच्या चुलीपुढं बसली होती. पाचवा महिना असावा. मी म्हटलं, "मी समोरच राहतो. सुमन. तुमचं नाव काय?"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या घराकडे, आणि संशयानं विचारलं, "काही झालं का, बाई?"

"काही नाई. नाव विचारायले आली."

"फुलवंती," ती म्हणाली. मग उठली, कोपऱ्यातलं सिमेंटचं रिकामं पोतं दोनदा झटकलं, सावलीत अंथरलं, हातानं साफ केलं. "बसा," ती म्हणाली. "चहा मांडतो."

मी बसले.